अकरा साधनं आणि एक फ्रॉक

पत्र

मी लहान मुलांचे कपडे शिवते. माझ्या फ्रॉकचं पेपर कटिंग बऱ्याच जणी मागून नेतात, म्हणून ते पीडीएफ करून ऑनलाइन विकावं असं मनात आलं. सुरुवात कशी करायची ते कळावं म्हणून व्हिडिओ पाहत गेले आणि वहीत यादी करत गेले. स्वतःची वेबसाइट, डोमेन, डिझाइनचं ॲप, फोटोंचं ॲप, ईमेल पाठवणारं सॉफ्टवेअर, 'फनेल' नावाचं काहीतरी... यादी अकरावर गेली आहे. त्यातल्या दोनांची वर्गणी मी भरूनही बसले. फाइल मात्र अजून तयार नाही. यातलं नेमकं काय लागतं? वेबसाइट नसेल तर लोक विश्वास ठेवतील का? आणि एकीने विकत घेऊन शंभर जणींना वाटली, तर ती थांबवायला कुठलं लॉक मिळतं?

— यादीत अडकलेली

उत्तर

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: फाइल अजून तयार नाही. कापड घरात आलेलं नाही आणि आपण बटणांचे डबे भरतोय, असं झालंय हे. त्यात तुमची एकटीची चूक नाही. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओंपैकी बरेचसे त्या साधनांच्याच जाहिराती असतात. खालच्या लिंकवरून तुम्ही वर्गणी भरली की सांगणाऱ्याला त्यातला वाटा मिळतो. शिवणाऱ्या बाईला काय लागतं, हा त्याच्या काळजीचा विषय नाही.

आधी एक काम करा. त्या दोन वर्गण्या आपोआप पुन्हा कापल्या जाऊ नयेत म्हणून आजच बंद करा. भरलेली मुदत संपेपर्यंत बहुतेक साधनं वापरता येतात, पण तारीख लक्षात ठेवून आदल्या दिवशी बंद करू म्हणणाऱ्यांचे पैसे हमखास जातात. माझेही गेलेत.

आता यादी. अकरा गोष्टींच्या जागी चार कामं लिहा: फाइल तयार करणं, ती ठेवायला नि पोहोचवायला दुकान, पैसे तुमच्या खात्यात येण्याची वाट, आणि घेणारीशी नंतर बोलायची सोय. यातली मधली दोन बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतात. तेव्हा खरं म्हणजे तीनच. या कामांत न बसणारं साधन सध्या खोडून टाका. 'फनेल' आधी खोडा. दहा फाइली विकायला झाल्या की त्याचा विचार करा, तोपर्यंत त्या शब्दाचा अर्थ शोधायचीही गरज नाही.

सगळ्यात जास्त वेळ फाइलवर घालवा, कारण तुमच्या मालाची खोच तिथे आहे. कविता किंवा पाककृतींची पीडीएफ छापताना थोडी लहानमोठी झाली तर कुणाचं काही बिघडत नाही. तुमचं पेपर कटिंग चार टक्के लहान छापलं गेलं, तर साठ सेंटिमीटरच्या छातीत जवळजवळ अडीच सेंटिमीटर कमी पडतात. फ्रॉक अंगात जात नाही, कापड वाया जातं, आणि दोष तुमच्या नावावर लागतो. हे चार टक्के येतात कुठून? प्रिंटरच्या खिडकीत 'फिट टू पेज' आपोआप निवडलेलं असतं तिथून. म्हणून पहिल्याच पानावर मोजणीचा चौकोन द्या आणि शेजारी ठळक लिहा: 'ॲक्चुअल साइज किंवा १०० टक्क्यांवर छापा, आधी हे एकच पान छापा, चौकोन पट्टीने मोजा, मग पुढची.' बऱ्याच ठिकाणी ५ सेंटिमीटरचा चौकोन असतो. मी १० चा द्या म्हणेन. पाचाच्या चौकोनात चार टक्क्यांची चूक दोन मिलिमीटर दिसते, घाईत नजरेतून सुटते. दहाच्या चौकोनात ती चार मिलिमीटर होते आणि पट्टीवर लपत नाही.

दुसरी गोम कागदाची. घरच्या प्रिंटरवर कुणाकडे ए४ असतो, कुणाकडे लेटर. ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. लेटर साधारण २१६ बाय २७९, म्हणजे थोडा रुंद पण बुटका. तुकडे पाडताना प्रत्येक पानावरचं रेखाटन १९० बाय २५५ च्या आत ठेवलंत, तर एकच फाइल दोन्ही कागदांवर बसते आणि कडेला पुरेशी कोरी जागाही उरते. दोन फाइली सांभाळायचं काम वाचतं.

हे रेखाटायला इंकस्केप घ्या. ते मोफत आहे, २००३ पासून चालत आलेलं आहे, आणि त्यात रेषा मिलिमीटरच्या मापात काढता येतात. पहिले दोन दिवस ते तुम्हाला छळेल. मुंढ्याचा बाक काढताना तर कागद-पेन्सिलच बरी होती असं वाटेल. तिसऱ्या दिवशी हात बसतो. कटिंगचा फोनवर फोटो काढून तोच पीडीएफमध्ये घालू नका. कॅमेरा जरा तिरका झाला की एक बाजू लांबते, आणि ते डोळ्यांना कळतही नाही. फोटो खाली ठेवून वर रेषा काढायच्या असतील, तर कटिंगशेजारी पट्टी ठेवून अगदी वरून फोटो घ्या आणि आत आणल्यावर त्या पट्टीवरून माप जुळवा. उभी आणि आडवी, दोन्ही बाजूंची.

सूचना लिहायला लिबरऑफिस किंवा गूगल डॉक्स पुरे. मुखपृष्ठ सजवायचं असेल तर कॅनव्हाची मोफत आवृत्ती चालेल. मात्र कॅनव्हातली तयार चित्रं जशीच्या तशी उचलून विकायला परवानगी नाही, ती तुमच्या रचनेचा भाग म्हणूनच वापरता येतात. मराठी सूचनांसाठी युनिकोड फॉन्ट घ्या. 'मुक्त' किंवा 'नोटो' नावाचे फॉन्ट घेतलात तर ते खुल्या परवान्याचे आहेत, विकायच्या फाइलीत बिनदिक्कत वापरता येतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात लिहिलेली पीडीएफ दिसते छान, पण त्यात 'बाही' शोधलं तर सापडत नाही आणि मजकूर कॉपी केला तर भलतंच काहीतरी उमटतं.

शेवटी सगळं पीडीएफ करा. हा प्रकार अडोबीने १९९३ मध्ये आणला आणि २००८ पासून तो खुला आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यामुळे घेणारीकडे कुठलंही यंत्र असलं तरी तुमचं पान जिथल्या तिथे राहतं, आणि कुणाला वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. पाच-सहा फाइली झिपमध्ये कोंबून देऊ नका. फोनवर ती उघडताना बऱ्याच जणी गडबडतात आणि मग 'फाइल खराब आहे' असा निरोप येतो. शक्य तितकं एका पीडीएफमध्ये बसवा.

फाइलींची नावं आत्तापासून नीट ठेवा. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं' ही तीन नावं माझ्या संगणकावर अजून आहेत, आणि त्यांतलं खरं कुठलं ते आता मलाही सांगता येणार नाही. वस्तू, वय, आवृत्तीचा आकडा एवढं पुरतं. मूळ इंकस्केपची फाइल दोन वेगळ्या जागी ठेवा, त्यातली एक तुमच्या घराबाहेर, म्हणजे ऑनलाइन साठवणीत. पीडीएफ हरवली तर पुन्हा निघते. मूळ फाइल गेली तर सगळं पुन्हा बेतायला बसा.

आता दुकान. तुम्ही विचारलंय, वेबसाइट नसेल तर विश्वास बसेल का. बसेल. कटिंग घेणारी बाई तुमच्या वेबसाइटचा रंग बघत नाही. ती बघते फ्रॉक अंगात घातलेला कसा दिसतो, मापं स्पष्ट लिहिली आहेत का, आधी कुणी शिवलाय का, आणि पैसे भरायची जागा ओळखीची आहे का. उलट नवीकोरी, रिकामी वेबसाइट पाहिली की माणूस बिचकतोच.

दुकानं दोन जातींची असतात. एक बाजारपेठ, जशी एट्सी, जिथे लोक आपणहून पॅटर्न शोधत येतात. तिथे एक वस्तू मांडायला २० सेंट पडतात, ती मांडणी चार महिने टिकते, विकलं गेलं की ६.५ टक्के कापले जातात आणि पैसे वळते करण्याचं शुल्क वेगळं. एका वस्तूला पाच फाइली, प्रत्येकी २० एमबीपर्यंत, अशी तिथे मर्यादा आहे. तुमच्या रेषांच्या पीडीएफला ती भरपूर झाली. दुसरी जात म्हणजे गमरोड किंवा पेहिपसारखी. ती तुम्हाला एक पान देतात, पैसे घेतात, फाइल पोहोचवतात. महिन्याची वर्गणी न भरता, विक्रीवर टक्केवारी देऊन सुरू करता येतं. गिऱ्हाईक मात्र तुम्हीच आणायचं. तुमच्याकडे आधीच मागून नेणाऱ्या जणी आहेत, म्हणून मी दुसऱ्या जातीपासून सुरुवात करा म्हणेन. ओळखीचं वर्तुळ नसतं, तर बाजारपेठ सुचवली असती.

पण निवडण्याआधी एकच प्रश्न विचारा, आणि हा प्रश्न एकाही व्हिडिओत पहिला येत नाही: मी राहते त्या देशातल्या बँक खात्यात हे दुकान पैसे पाठवतं का? दुकानं ज्यांच्यामार्फत पैसे वळते करतात त्या स्ट्राइप आणि पेपालसारख्या कंपन्या सगळीकडे सारख्या सोयी देत नाहीत. काही ठिकाणी पैसे भरता येतात, पण मिळवता येत नाहीत. दुकानाच्या मदतीच्या पानांवर 'पेआउट' शब्द शोधा, तुमचा देश त्या यादीत आहे ना ते पाहा, आणि मगच वस्तूंचे फोटो चढवायला बसा. दुकान पूर्ण सजवून झाल्यावर हे कळलेल्या लोकांची पत्रं माझ्याकडे येतात. त्यांना काय उत्तर लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

त्याच पानांवर कराचंही वाचून घ्या. डिजिटल वस्तूवरचा कर अनेक ठिकाणी विकणाऱ्याच्या गावाप्रमाणे ठरत नाही, घेणाऱ्याच्या देशाप्रमाणे ठरतो. युरोपीय संघात २०१५ पासून तसंच आहे. काही दुकानं कायद्याच्या नजरेत स्वतःच विक्रेता होतात, कर गोळा करतात आणि भरतातही. इंग्रजीत त्याला 'मर्चंट ऑफ रेकॉर्ड' म्हणतात. लेमन स्क्वीझी आणि पॅडल असं करतात, आणि २०२५ च्या सुरुवातीपासून गमरोडही. बाकीची दुकानं ते ओझं तुमच्यावर ठेवतात. परदेशी गिऱ्हाईक येणार असेल, तर हा फरक दोन-चार टक्के जास्त कमिशनपेक्षा मोठा आहे. तुमच्या स्वतःच्या मिळकतीवरचा कर मात्र कुठलंच दुकान भरत नाही. तो हिशेब तुमच्याकडेच, आणि त्यासाठी वहीसुद्धा चालते.

किमतीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण साधनांशी तिचा संबंध आहे म्हणून सांगते. नवीन माणूस भीतीपोटी अगदी स्वस्तात सुरू करतो. समजा, एखादं दुकान दर विक्रीमागे १० टक्के आणि वर ५० सेंट कापतं. २ डॉलरच्या फाइलमागे ७० सेंट गेले, म्हणजे ३५ टक्के. तीच फाइल ८ डॉलरला ठेवली तर १ डॉलर ३० सेंट जातात, साधारण १६ टक्के. टक्केवारीपेक्षा ते ठरावीक ५० सेंट स्वस्त मालाला खातात. तेव्हा एकेक कटिंग फुंकून टाकल्यासारखं विकण्यापेक्षा तीन वयांची मापं एकत्र करून नीट किंमत लावा.

आता लॉक. थोडक्यात सांगायचं तर तसं लॉक नसतं. पीडीएफला पासवर्ड घातला तर घेणारी बाई फाइलबरोबर पासवर्डही पुढे पाठवते, आणि जी कुणाला पाठवणारच नव्हती तिला मात्र दर वेळी तो शोधत बसावं लागतं. थोडाफार उपयोग होतो तो पानावर घेणारीचा ईमेल छापण्याचा. ही सोय पेहिप आणि गमरोड दोन्हीकडे आहे. आपलं नाव असलेला कागद माणूस जरा विचार करूनच वाटतो. त्याखेरीज फाइलीच्या दुसऱ्या पानावर दोन ओळी साध्या भाषेत लिहा: ही फाइल एकीसाठी आहे, पुढे देऊ नये; यावरून शिवलेले कपडे विकायला हरकत आहे की नाही. ही दुसरी ओळ जरूर हवी, कारण शिवणाऱ्या बायका सर्वांत आधी तेच विचारतात. त्यापलीकडे चोरीवर वेळ घालवू नका. तुमची फाइल शंभर जणींना वाटावीशी वाटली, हा त्रास पहिल्या वर्षी फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

उलट बाजूही बघून ठेवा. हे कटिंग मुळापासून तुमचं आहे ना? दुसऱ्या कुणाचं विकत घेतलेलं पॅटर्न थोडं फिरवून केलं असेल, तर ते विकायला ठेवू नका. आणि खिशावर एखादं प्रसिद्ध कार्टून असेल तर ते काढून साधं फूल घाला.

चौथं काम, नंतरचं बोलणं. त्याला अजून ईमेलचं सॉफ्टवेअर नको. घेणाऱ्यांचे पत्ते दुकानाकडे असतातच, आणि फाइल सुधारली तर त्यांना कळवायची सोय बऱ्याच दुकानांत असते. एक वेगळा ईमेल पत्ता उघडा, त्याला आणि दुकानाच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावा, एवढं आत्ता बास. पुढे गिऱ्हाईक वाढलं की मेलरलाइटसारखं काही घ्या, पण त्या वेळी स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता, तोही घ्या. फुकटच्या जीमेल पत्त्याच्या नावाने अशा सॉफ्टवेअरमधून पाठवलेली पत्रं बऱ्याचदा स्पॅममध्ये पडतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू पाठवणाऱ्याची ओळख पूर्वीपेक्षा कडकपणे तपासतात. म्हणजे डोमेन तुमच्या यादीत आहे ते ठीकच, फक्त ते अकरातलं शेवटचं आहे, पहिलं नव्हे. आणि ज्यांनी 'मला कळवत जा' असं म्हटलंय त्यांनाच लिहा.

विक्रीच्या पानावर काय लिहायचं, याला कुठलंही साधन लागत नाही. शिवलेल्या फ्रॉकचे खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात फोनने काढलेले चार फोटो. कुठल्या वयाला, छाती आणि उंची किती, किती पानं छापावी लागतील, कापड किती लागेल, शिलाईची माया धरलेली आहे की वेगळी सोडायची, शिवणारीला चेन लावता यायला हवी का. आणि सगळ्यात वर, ठळक: 'ही छापायची फाइल आहे, तयार फ्रॉक घरी येणार नाही.' हसू नका. ही ओळ नसली की 'माझं पार्सल कधी येणार' असं विचारणाऱ्या निघतातच. पैसे परत कधी देणार तेही तिथेच एका ओळीत सांगा.

माझी पहिली डिजिटल वस्तू मी एका शनिवारी रात्री विकायला ठेवली होती. फाइल दुकानात न चढवता मी माझ्या ऑनलाइन साठवणीतली लिंक दिली. मला ती उघडत होती, कारण खातं माझं होतं. पहिल्या तिघींनी पैसे भरले आणि तिघींना पडद्यावर दिसलं: 'परवानगी मागा'. मी झोपले होते. सकाळी तीन परवानगीच्या विनंत्या आणि एक फार सभ्य भाषेतलं, फार रागावलेलं पत्र. फाइल दुकानातच चढवा, आणि पान उघडं करण्याआधी दुसऱ्याच्या फोनवरून, दुसऱ्याच्या ईमेलने स्वतःच एकदा विकत घ्या. दुकान शंभर टक्के सवलतीचं कूपन देत असेल तर पैसेही जात नाहीत.

तर यादीतून राहिलं काय? इंकस्केप, लिहायला एखादं मोफत साधन, एक दुकान, एक ईमेल पत्ता. आणि पट्टी, ती तुमच्याकडे आहेच.

या आठवड्यात एकाच वयाचा फ्रॉक घ्या आणि तेवढीच फाइल पुरी करा. मग ती अशा एका मैत्रिणीला पाठवा जिने तुमच्या हाताखाली कधी काही शिवलेलं नाही. बरोबर काही समजावून सांगू नका. तिला ती तिच्याच प्रिंटरवर छापू द्या, पानं जोडू द्या, आणि जिथे अडेल तिथे तुम्हाला फोन न करता कागदावरच पेन्सिलने खूण करायला सांगा. ते खुणांचे कागद परत मागवा. चौकोन किती भरला तेही त्यावर लिहायला सांगा.